पन्नास लिटरचा प्रसाद

नागोया
२ नोव्हेंबर २०२४
(हे पत्र पाठवलं गेलं नाही.)

ती. काका,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसतं ‘हं हं’ करता, म्हणून पत्रच लिहितो. एकदम मुद्द्यावर येतो, नाहीतर धीर सुटेल.

मार्चअखेर आमचा विभाग बंद होतोय. आम्ही बनवतो ते इंजिनचे भाग आता लागेनासे झालेत. कंपनी म्हणते, चाकणच्या प्लांटला परत जा. तुम्ही आमच्यासाठी वरची खोली रंगवायला काढलीत, हे शेजारच्या वृंदावहिनींकडून कळलं. पण काका, मला यायचं नाही. अकरा वर्षं झाली इथे. कस्तुरी बारा वर्षांची आहे, मराठीत विचारलं की जपानीत उत्तर देते.

इथून दोन तासांवर डोंगरात कुमाझावा-सान नावाचे एक म्हातारे गृहस्थ बिअर करतात. छोटासाच कारखाना आहे. गेलं वर्षभर सुटीच्या दिवशी मी त्यांच्याकडे पिंपं घासायला जातो. शिवानीला वाटतं, माझं डोकं फिरलंय. एप्रिलपासून ते मला कामावर घ्यायला तयार आहेत, पण त्यांची एक अट आहे. त्यांच्याकडे लागणाऱ्या प्रत्येकाने आधी त्यांच्या अंगणात, स्वतः आणलेल्या आगीवर, बिअरचा पन्नास लिटर रस शिजवून दाखवायचा. “पाणी माझं, आग तुझी,” म्हणतात. दिवस ठरलाय, एक फेब्रुवारी. दुसरी संधी नाही. त्यांच्याकडे परवाना आहे म्हणून तिथे चालतं. घरी एक टक्क्याच्या वर अल्कोहोल असलेलं काही केलं तर गुन्हा होतो, म्हणजे सरावही नाही.

आणि मला बर्नर निवडता येत नाहीये. या विषयात सगळ्या जगात कुणाला विचारावं तर तुम्हाला. पण दारूसाठी तुम्हाला कसं विचारू? कराडच्या लग्नात मांडवामागे बाटल्या दिसल्या म्हणून तुम्ही अर्धा स्वयंपाक टाकून सगळ्या भट्ट्या ट्रकमध्ये भरल्या होत्या. मी पाचवीत होतो. ट्रकमध्ये तुमच्या शेजारी बसलो होतो आणि साताऱ्यापर्यंत तुम्ही एक शब्द बोलला नव्हतात. तेव्हा मी


नागोया
३ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप काकांना शैलेंद्रचा दिवाळीचा नमस्कार.

आम्ही मजेत. कस्तुरीने एकच करंजी खाल्ली आणि उरलेल्या शाळेत नेऊन वाटल्या. थंडी सुरू झाली आहे.

एक काम होतं. इथल्या आपल्या मराठी मंडळींनी यंदा माघी गणेश जयंती करायची ठरवली आहे. एक फेब्रुवारीला. गावाबाहेर डोंगरात एका ओळखीच्या गृहस्थांचं अंगण मिळतंय. महाप्रसाद उघड्यावर, गॅसवर करायचा आणि भट्टीची जबाबदारी माझ्या गळ्यात पडली आहे. पंढरीनाथ केटरर्सचा पुतण्या म्हटल्यावर दुसऱ्या कुणाच्या पडणार?

तीन भट्ट्या बघून ठेवल्या आहेत. एक बिडाची, तीन रिंगांची. इथे जत्रेत नूडल्स परतायला वापरतात तसली. दुसरी जेटची, एकाच भोकातून फुफाटणारी. तिसरी पसरट, बारीक बारीक बत्तीस टोकांची, पण ती परदेशातून मागवावी लागेल. मी तिघींचा तक्ता केला आहे. ऑफिसात मीटिंग चालू असताना टेबलाखाली त्यांचे फोटो बघत बसतो. काल आमच्या साहेबांनी, कातो-सानांनी, मला काहीतरी विचारलं आणि मी त्यांना “तीन रिंगा” असं उत्तर दिलं.

कुठली घेऊ? तुम्ही सांगाल तीच घेईन. लवकर कळवा.

शैलेंद्र


सातारा
१६ नोव्हेंबर २०२४

चि. शैलेंद्रला आशीर्वाद.

पत्र मिळालं. गणपतीचं काम काढलंस, बरं वाटलं. तुझी काकू असती तर लगेच मोदकांना बसली असती.

तक्ता फाडून टाक. भट्टी तक्त्यावरून घेत नाहीत. आधी तीन गोष्टी कळव.

पहिली, पानं किती? पन्नास पानांची भट्टी वेगळी, दोनशे पानांची वेगळी. स्वयंपाकी पहिला प्रश्न हा विचारतो आणि बाकी सगळं त्यावरून ठरवतो. माझ्याकडे एवढी वर्षं काढलीस, हे तू न विचारता सांगायला हवं होतंस.

दुसरी, टोपाचं बूड केवढं? बुडापेक्षा आग मोठी झाली की ज्वाळा बाजूने वर चढते. मग तू आकाश शिजवतोस आणि भात कच्चा राहतो.

तिसरी, शिजवायचं काय? आमटीला एक आग, शिऱ्याला दुसरी, बासुंदीला तिसरी. जेट पाणी उकळायला चांगली, पण बूड एकाच जागी जाळते. शिरा केलास तर मधोमध काळं वर्तुळ मिळेल.

बिडाच्या तीन रिंगा ऐकायला बऱ्या वाटतात. आतली रिंग एकटी पेटवून मंद ठेवता येते का ते बघ. पण तुझी उत्तरं येईपर्यंत काही विकत घेऊ नकोस. लहानपणी पतंग घ्यायला गेलास की पहिला दिसेल तो घेऊन यायचास.

वरच्या खोलीला रंग काढला आहे. कस्तुरीच्या बाजूची भिंत फिकी पिवळी केली. मार्च काही लांब नाही. तिची आवड वेगळी असेल तर आत्ताच सांग, रंगारी अजून येतोय.

पंढरीनाथ


नागोया
२९ नोव्हेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

तुमचं पत्र हातात पडताच उत्तर लिहितोय. माझा नुसता जीव टांगणीला लागला आहे.

साधारण पन्नास लिटर करायचं आहे. टोप सत्तर लिटरचा, स्टीलचा, बूड पंचेचाळीस सेंटिमीटर. एक आमटीसारखा पातळ पदार्थ आहे. आधी तासभर बरोबर सदुसष्ट अंशांवर धरून ठेवायचा, थर्मामीटर लावून. दोन अंश इकडे तिकडे झाले तर बिघडतो. मग गाळायचा आणि रस तासभर खळाखळा उकळायचा. उकळी मध्येच बसता कामा नये आणि उतूही जाता कामा नये. म्हणजे एकाच भट्टीला अगदी मंदही जमायला हवं आणि जोरातही. यावरून काही सुचतं का?

इथलं नवीन काही नाही. ऑफिसात खोकी भरणं चालू आहे. लोक एकमेकांना विचारतात, तुम्ही एप्रिलपासून कुठे, आणि उत्तर यायच्या आधीच दुसरीकडे बघतात. मीही तेच करतो. संध्याकाळी सायकल काढून उगाच नदीपर्यंत जातो, पुलावर थांबतो आणि परत येतो. शिवानी म्हणते, एका जागी बस. बसलो की पाय हलतो.

पिवळा रंग छान आहे.

शैलेंद्र


सातारा
१० डिसेंबर २०२४

चि. शैलेंद्रला आशीर्वाद.

आमटीला थर्मामीटर लागतो हे सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. असो. जपानची आमटी असेल.

तू सांगतोस तशी आग फक्त एका भट्टीची आहे आणि ती माझ्याकडे आहे. आपली मोठी. बाकीच्या सात भट्ट्या दिवाळीनंतर विकल्या. तुला कळवलं नव्हतं. गुडघे धरतात, आणि हल्ली लोकांना केटररकडे स्टीलची झाकणं चकचकीत लागतात, चव नंतर. सात गेल्या तेव्हा काही वाटलं नाही. मोठीला टेम्पोत घालायला लागले तेव्हा मी म्हटलं, ही राहू दे.

ती तुला पाठवतो आहे. तुझ्या कंपनीचा श्याम वीस तारखेला तिकडे येतोय ना, त्याच्या आईशी बोललो. म्हणजे ती बोलली, मी मान हलवली. सोड्याच्या पाण्यात तीनदा धुतली आहे, गॅसचा वासही राहिलेला नाही. विमानवाल्यांनी हुंगली तरी चालेल. वजन चौदा किलो. पोराला पाठीत उसण भरली तर माझं नाव सांग.

चाळीस वर्षं गणपतीचा प्रसाद हिच्यावर झाला. आता तुझ्याकडे होईल. मार्चमध्ये येताना परत घेऊन ये.

पेटवलीस की कशी चालते ते लगेच कळव.

पंढरीनाथ


नागोया
२४ डिसेंबर २०२४

ती. काकांना नमस्कार.

मोठी पोचली. श्यामची पाठ शाबूत आहे. तुम्ही तिला गुंडाळलेलं काकूचं जुनं लुगडं शिवानीने धुऊन घडी करून ठेवलं आहे.

रविवारी पेटवून बघितली. काय सांगू! निळी ज्योत, अगदी एकसारखी. इकडचे लोक बघत राहिले. आवाजही किती शांत, शेजारी उभं राहून गप्पा मारता येतात. तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आता काळजीचं काही कारण नाही.

तुम्ही सात भट्ट्या विकल्यात हे वाचून वाईट वाटलं. आधी का नाही सांगितलंत?

घाईत आहे. पुढच्या आठवड्यात सविस्तर लिहितो.

शैलेंद्र


नागोया
६ जानेवारी २०२५
(स्पीड पोस्टाने)

ती. काकांना शिवानीचा नमस्कार.

तुम्हाला मी कधी वेगळं पत्र लिहिलेलं नाही. हे शैलेंद्रला न सांगता लिहिते आहे. सोबत त्याने दोन नोव्हेंबरला लिहायला घेतलेलं एक पत्र आहे. जुने कागद बांधून टाकताना त्या गठ्ठ्यात सापडलं. आधी ते वाचा, मग हे.

वाचलंत? मग आता उरलेलं सांगते. मोठी त्याने पेटवलेलीच नाही. गॅसवाल्याकडे नेली होती. त्याने ती उलटीपालटी करून बघितली, दोनदा वाकून माफी मागितली आणि जोडून द्यायला नाही म्हणाला. इथे शिक्का नसलेली शेगडी कुणी टाकीला जोडत नाही. शैलेंद्र ती सायकलच्या कॅरियरवर बांधून चालत घरी घेऊन आला. तुम्हाला काय लिहू, काय लिहू करत दोन दिवस फिरला आणि शेवटी ‘मस्त चालते’ असं लिहून मोकळा झाला. आम्ही तिला बाल्कनीत ठेवली आहे.

त्याने बिडाची तीन रिंगांची इथली भट्टी भाड्याने घेतली. काल नदीकाठी, शेगडी पेटवायला परवानगी असते तिथे, नुसत्या पाण्यावर सराव केला. पन्नास लिटर पाणी दोन तासांत उकळलं नाही. सुरुवातीला ज्योत चांगली होती. मग वारा सुटला, ती आडवी झाली, पुढे बारीकच होत गेली. टाकीला हात लावला तर बर्फासारखी गार, बाहेरून पांढरा थर. कस्तुरी तिच्या बाबाला म्हणाली, “मोऊ काएरो,” म्हणजे आता घरी जाऊ या. त्याने ऐकलंच नाही. टोपाकडे बघत उभा होता.

म्हटलं, काकांना विचार. म्हणाला, “कोणत्या तोंडाने विचारू? मी मस्त चालते म्हणून लिहिलंय.” एका खोट्यासाठी दुसरं बोलला आणि आता ज्याच्याकडे उत्तर आहे त्यालाच विचारता येत नाही. चार आठवडेही उरलेले नाहीत.

मी बिअरच्या बाजूची नाही, काका. मला तिचा वासही आवडत नाही. पण त्या कारखान्यात पिंपं घासून आला की तो रात्रभर शांत झोपतो, एरवी झोपत नाही. इथे कायम राहायचा परवाना आम्हाला मिळालेला आहे, कस्तुरीची शाळा आहे. एक तारखेला ती उकळी आली तर आम्ही इथे राहू. नाही आली तर मार्चमध्ये पिवळ्या भिंतीच्या खोलीत. तुम्ही काही लिहिलं नाहीत तर आम्ही तुमच्याकडे येऊ, हे मला समजतं. तुम्हालाही समजेल. म्हणून तुम्हाला विचारताना लाज वाटते आहे. तरी विचारते.

शिवानी


सातारा
१५ जानेवारी २०२५
(स्पीड पोस्टाने)

चि. सौ. शिवानी आणि चि. शैलेंद्र, दोघांना आशीर्वाद. हे पत्र शैलेंद्रला दाखव. लपवाछपवी पुरे.

शैल्या, मला तुझ्या दुसऱ्या पत्रावरूनच कळलं होतं. पानं किती विचारलं तर तू पन्नास लिटर म्हणालास. प्रसादाचा हिशेब कुणी लिटरमध्ये करत नाही. चार माणसांचं घरचं जेवण असलं तरी आपण पानंच म्हणतो. मी तुझं ते पत्र वृंदाच्या लेकाला दाखवलं. त्याने फोनवर बघून पाच मिनिटांत सांगितलं, काका, ही बिअर आहे. सदुसष्ट अंशांवरून सापडली.

मग तू लिहिलंस, मोठीचा आवाज शांत आहे. अरे, तिच्यापायी माझे कान गेले! शेजारी उभं राहून गप्पा म्हणे. तेव्हाच समजलो की पेटलेली नाही.

कळल्यावर मोठी का पाठवली, असं विचारशील. सांगतो. मला दारू आवडत नाही आणि तुझ्या बिअरनेही आवडणार नाही. कराडला निघून आलो ते आजही बरोबर वाटतं. पण त्या दिवशी ट्रकमध्ये तू माझ्याकडे घाबरून बघत होतास, तेही मला आठवतं. मी तुझ्यावर चिडलो नव्हतो रे. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मला वाटलं होतं, भट्टी हातात पडली की तू आपण होऊन खरं लिहिशील. नाही लिहिलंस.

शिवानीचं पत्र आलं त्याला दोन दिवस झाले. हे पत्र त्याच दिवशी लिहून टाकता आलं असतं. नाही लिहिलं. पिवळी भिंत बघत बसलो. मला तुम्ही इथे हवे आहात. तुमच्याशिवाय मला कुणी नाही आणि घरात मला स्वतःच्या खोकल्याचाही आवाज येत नाही. काही न लिहिता बसलो असतो तर मार्चमध्ये जिन्यावरून कस्तुरी चढली असती. दोन दिवस मी हाच विचार केला. पण कच्चा स्वयंपाक माझ्या हातून कधी गेलेला नाही आणि माहीत असून मी तुझा टोप गार पडू देणार नाही. आता नीट वाच.

टाकी लहान आहे, म्हणून ती धाप टाकते. गॅस जोरात ओढला की ती गारठते, बर्फ धरते आणि ज्योत मरते. मोठ्यातली मोठी टाकी घे, भरलेली. जमलं तर गॅसवाल्याकडून दोन जोडून घे. तरी गारठली तर तिला कोमट पाण्याच्या घमेल्यात उभी कर. हाताला सोसेल एवढंच कोमट, त्याहून गरम नको.

वाऱ्यासाठी तीन बाजूंनी पत्रा लाव, टोपाच्या निम्म्या उंचीपर्यंत. चौथी बाजू उघडी ठेव आणि टाकी लांब, पत्र्याच्या बाहेर ठेव. टाकीकडे गरम हवा जाता कामा नये. हे चुकवलंस तर बिअर राहू दे, तुलाच उचलायला लागेल.

टोप आगीला चिकटवू नकोस. ज्योतीचं टोक बुडाला जेमतेम लागावं. पिवळी ज्योत दिसली की हवेची चकती थोडी उघड. सदुसष्टसाठी फक्त आतली रिंग ठेव, आणि टोपाला जाड गोधडी गुंडाळून आग बंदच केलीस तर उत्तम. तासभर टिकेल. आम्ही भात असाच गरम धरतो. गोधडी काढल्याशिवाय परत पेटवायचं नाही. उकळी फुटताना समोरून हलू नकोस. फोन आला तरी.

आणि एक. एक फेब्रुवारीला खरोखरच गणेश जयंती आहे, मी पंचांग बघितलं. तू देवाच्या नावाने खोटं लिहिलंस. त्या दिवशी त्याच आगीवर आधी छोट्या पातेल्यात शिरा कर, देवाला दाखव, तिथे असतील त्यांना वाढ. मग तुझा टोप चढव. तुझं पहिलं पत्र खरं होऊ दे.

पंढरीनाथ


नागोया
२ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

उकळी आली.

सकाळी सातला पोचलो. अंगणात कालचा बर्फ होता आणि वारा डोंगरावरून थेट खाली येत होता. पत्र्याचे स्क्रू शिवानीने आवळले. पत्रे म्हणजे कुमाझावांच्या जुन्या गोदामाची दारं. टाक्या दोन, जोडलेल्या, लांब ठेवल्या.

आधी शिरा केला. कुमाझावा-सान हात मागे बांधून बघत होते. हे काय, म्हणाले. मी म्हटलं, माझ्या काकांची अट आहे, ती तुमच्या अटीच्या आधीची आहे. त्यांनी मान डोलावली आणि टोपी काढून उभे राहिले. कस्तुरीने मोबाइलवर आरती लावली. मी तुमचे शब्द मनात म्हणत होतो आणि रडत होतो. धूर लागला असं सांगितलं, पण गॅसला धूर कुठला?

मग टोप चढवला. गोधडीने तासाभरात एकच अंश उतरला. गाळून गोधडी बाजूला ठेवली आणि रस पूर्ण आगीवर चढवला. अकराच्या सुमारास वारा फिरला, उघड्या बाजूने आत घुसला आणि ज्योत पिवळी होऊन फडफडायला लागली. मला वाटलं, संपलं. पळत जाऊन दार ओढायला निघालो, तेवढ्यात कस्तुरी ओरडली, “बाबा, हलू नका!” मराठीत, काका. तिला मी रात्री तुमचं पत्र वाचून दाखवलं होतं. ती आणि शिवानी दोघींनी दार फिरवलं. मी टोपासमोर उभा राहिलो. दहा मिनिटांनी कडेला बुडबुडे आले, मग मधोमध, मग सगळा टोप खदखदायला लागला. तासभर एकदाही बसला नाही.

कुमाझावा-सान जवळ आले. गार झालेला रस चाखला, चमचा पुसला आणि एप्रिलच्या पहिल्या सोमवारी किती वाजता यायचं ते सांगितलं.

मी मोठी बरोबर नेली होती. पेटवायची नव्हती, पण बाल्कनीत एकटी ठेववली नाही. त्यांनी ती उचलून बघितली, बीड हाताने वाजवलं आणि दारापाशी, येणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. हवी तेव्हा परत पाठवतो.

तुम्ही दोन दिवस भिंतीकडे बघत बसलात, ते वाक्य मी वाचतो आणि पुढे जाता येत नाही. मी खोटं बोललो, दोनदा. तुम्हाला सोडून इथे राहतोय आणि तुमच्याच आगीवर राहतोय. माफ करा असं लिहायलाही मला अवघड जातंय, तरी लिहितो. माफ करा.

पानं अकरा. कारखान्यातली माणसं धरून दहा जण होतो. अकरावं तुमच्या नावाने वाढलं.

शैलेंद्र


सातारा
१४ फेब्रुवारी २०२५

चि. शैलेंद्रला आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. वृंदाला वाचायला दिलं, तिच्या लेकालाही. त्याला बिअरची कृती हवी आहे. मी त्याला धपाटा दिला.

कस्तुरी मराठीत ओरडली ते मला ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.

मोठी परत पाठवू नकोस. दारापाशी आहे तर दारापाशी राहू दे. त्या म्हाताऱ्याला सांग, पावसाळ्यात तिला तेलाचा हात लावायचा, नाहीतर गंज धरते.

पण तुझ्या त्या अकराव्या पानावर मी रागावलो आहे. वाढलेलं पान तसंच ठेवून शिरा वाया घालवायला मी तुला कधी शिकवलं? देवाचा प्रसाद, साजूक तुपातला, माणूस नाही तिथे वाढून ठेवायचा! त्यापेक्षा माणूस तिथे आलेला बरा. काल पासपोर्टचा अर्ज भरला. फोटोवाल्याने कान दिसायला हवेत म्हणून दोनदा काढला. मी त्याला म्हटलं, दिसण्यापुरतेच उरलेत. जपानी येत नाही याची काळजी करू नका. मला मराठीही ऐकू येत नाही, तेव्हा तिथे वेगळं काही होणार नाही.

पिवळी खोली बंद केली नाही. दिवाळीत तुम्ही याल तेव्हा लागेल.

मे महिन्यात येईन म्हणतो. तुमच्याकडे आलो की पहिल्या दिवशी स्वयंपाक मी करणार, तुझ्या त्या तीन रिंगांवर. त्या म्हाताऱ्यालाही बोलाव. किती जणांचं करायचं ते आधी कळव, आणि या खेपेला लिटरमध्ये नको.

पंढरीनाथ